परतीच्या वाटेवरचं लंडन

अमेरिकेला जायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. मला बघायचं होतं ते लंडन. लग्नाआधी मी साताऱ्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. धड्यात थेम्स नदी यायची, राजवाड्यापुढचे लाल डगलेवाले पहारेकरी यायचे, दुमजली बस यायची, आणि हे सगळं मी मुलींना अशा थाटात सांगायचे की जणू परवाच जाऊन आले आहे. मग लग्न ठरलं ते डेट्रॉइटजवळ मोटारींच्या कंपनीत काम करणाऱ्या इंजिनिअरशी. माझा चेहरा पाहून आई म्हणाली, "अगं, लंडन वाटेतच तर लागतं." वाटेत लागलंही. विमान तिथे थोडा वेळ टेकलं, खिडकीतून ओली धावपट्टी दिसली आणि पुन्हा उडालं.

आमचं घर डेट्रॉइटच्या एका उपनगरात, नोव्हायला होतं. त्या वेळी तिथल्या प्रत्येक मराठी घरात एक वाक्य ठरलेलं असायचं, "अजून पाच वर्षं, मग परत." ते बोलणाऱ्यांची मुलं मोठी झाली, घरांना मागे लाकडी डेक लागले, तळघरं सजली, तरी पाच वर्षं काही संपेनात. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. आमच्याकडेही तेच वाक्य होतं, पण मी ते खरं धरून चालले होते. नवऱ्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं तेव्हाही मी कुरकुर केली नाही. ऑफिसच्या कामाला लागतं, असं हे म्हणाले. अर्ध्या दिवसाची रजा काढून शपथ घेऊन आले, पिठलं-भात जेवले आणि पुन्हा कामावर गेले. मी मात्र माझा भारतीय पासपोर्ट सोडला नाही. "एकाचा तरी असू दे, परत जायचंय ना," असं मी म्हणाले. ह्यावर हे हसले. मला ते होकाराचं हसू वाटलं.

मुलगा दहा वर्षांचा झाला आणि धाकटी सहाची, तेव्हा मी हट्टच धरला. आता नाही गेलो तर मुलं कधीच रुजणार नाहीत. शेवटी ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे एका उन्हाळ्यात ठरलं, सुट्टीत पुण्याला जायचं, फ्लॅट बघायचा, शाळा बघायच्या आणि पुढच्या वर्षी कायमचं परतायचं. तिकिटं लंडनमार्गे होती. सकाळी लंडनला उतरायचं, मुंबईचं विमान संध्याकाळी. मधला अख्खा दिवस आमचा.

त्या एका दिवसासाठी मी जेवढी तयारी केली तेवढी बाळंतपणाचीही केली नव्हती. लायब्ररीतून लंडनची पुस्तकं आणली. नकाशा विकत घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि पोळ्या लाटता लाटता पाठ केला. विमानतळावरून निळ्या रेघेच्या भुयारी गाडीने ग्रीन पार्क, तिथून चालत राजवाडा, मग तळं असलेली बाग, मग पूल आणि घड्याळाचा मनोरा, मग कबुतरांचा चौक. ह्यांना म्हटलं, तुम्ही फक्त माझ्या मागून चला.

व्हिसाचं काय, हा प्रश्न मला पडला होता, नाही असं नाही. पण आपल्या लोकांची एक खोड आहे. आपण वकिलातीला फोन करत नाही, कुणाच्या तरी घरी सत्यनारायण असला की तळघरातल्या जेवणावळीत विचारतो. तिथे आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक काका होते. जगातल्या प्रत्येक विमानतळाची माहिती त्यांना असायची. ते भाताचं ताट हातात धरून म्हणाले, "लंडनला आपल्याला कसला व्हिसा? कॉमनवेल्थ आहे ते! आम्ही गेल्या वेळी उतरलो, मस्त फिरलो. शिवाय तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. ग्रीन कार्ड म्हणजे काय समजलीस?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. विषय संपला. गंमत अशी, की भारतात जायला ह्यांना आणि मुलांना व्हिसा लागत होता. तो शिकागोच्या कचेरीतून मीच टपालाने मागवला, दोनदा फोन करून पाठपुरावा केला. माझ्यासाठीही कुठे लागेल, हे ना मला सुचलं, ना ह्यांना.

लंडनच्या विमानतळावर रांगा वेगळ्या होत्या. ह्यांचे आणि मुलांचे निळे पासपोर्ट एका टेबलावर, माझा दुसऱ्या. त्या तिघांचे शिक्के मारून झाले, तरी माझा अधिकारी पानं उलटत होता. माणूस तरुण आणि अतिशय सभ्य होता. असभ्य असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्याने सांगितलं की नियम बदलला आहे, आता भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा घ्यावा लागतो. मी ग्रीन कार्ड पुढे केलं. त्याने ते हातातसुद्धा घेतलं नाही. "मॅडम, ते अमेरिकेसाठी आहे," तो म्हणाला. मी आत प्रवाशांच्या दालनात संध्याकाळपर्यंत थांबू शकत होते. शहरात जाता येणार नव्हतं.

हे परत मागे येऊन उभे राहिले. मुलगा विचारत होता, "व्हॉट्स राँग? बाबा, व्हॉट्स राँग विथ आई?" धाकटी रडायच्या बेतात. आता काय करायचं, असं ह्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "तुम्ही जा. मी बसते."

आता हे वाक्य मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. जेवायला बसलेला माणूस 'नको, नको' म्हणतो तेव्हा त्याला पोळी वाढायची असते. 'तुम्ही जा' म्हटल्यावर 'छे, तुला सोडून कसले जातोय' असं म्हणायचं असतं. मग मी मुलांसाठी म्हणून पुन्हा आग्रह केला असता, त्यांनी पुन्हा नाही म्हटलं असतं, आणि आम्ही चौघं दालनात बसून घरून डब्यात आणलेले धपाटे खाल्ले असते. मला एवढंच हवं होतं. ह्यांनी विचारलं, "नक्की?" मी मान हलवली. "ओके," हे म्हणाले, नकाशा मागितला आणि मुलांचे हात धरून निघाले. धाकटीने वळून टाटा केला.

तो दिवस कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मी खुर्चीत बसून घड्याळ बघायचे आणि मनात म्हणायचे, आता गाडीत असतील, आता ग्रीन पार्कला वर आले असतील, आता राजवाड्याच्या जाळीशी. नकाशा नसला तरी मला पाठ होता. साफसफाई करणारी एक पंजाबी बाई कचऱ्याचा डबा ओढत आली आणि हिंदीत म्हणाली, "अकेली हो, बेटी?" मी म्हटलं, घरचे बाहेर फिरायला गेलेत. तिने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि डबा ओढत पुढे गेली. तिची ती नजर मला अपमानासारखी लागली. धपाट्यांचा डबा माझ्याच पिशवीत राहिला होता. मी तो उघडलाही नाही.

संध्याकाळी तिघं परत आले. मुलांचे गाल लाल, हातात छोट्या दुमजली बसगाड्या. मला वाटलं, सगळे एकदम बोलायला लागतील. पण मुलगा गप्प होता. धाकटीने कबुतरांचं थोडं सांगितलं आणि बाबांकडे बघून थांबली. मला वाईट वाटू नये म्हणून ह्यांनी त्यांना गप्प राहायला शिकवलं असणार, असं मी धरलं. तेवढ्यावर माझा राग निम्मा उतरला. बायकांची समजूत काढायला फार लागत नाही, बरंचसं काम त्या स्वतःच करून ठेवतात.

पुण्यात आम्ही फ्लॅट पाहिले. ह्यांनी प्रत्येक ठिकाणी नळ सोडून पाहिला, भिंतीवर टकटक केलं, बिल्डरला पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं. पण पसंत एकही पडेना. एकात उजेड कमी, एक रस्त्यावर. मला वाटलं, इंजिनिअर माणूस, चिकित्सा करणारच. मग शाळा. माझ्या मैत्रिणीच्या ओळखीने एका चांगल्या शाळेच्या मुख्याध्यापिका भेटल्या. वर्ग भरलेले होते, बाई तयार नव्हत्या. मी त्यांच्यापुढे अक्षरशः हात जोडले. म्हटलं, बाई, मीही शिक्षिका होते, मुलांची भाषा मी वर्षभरात तयार करून घेते, पण दोघांना जागा द्या. बाईंनी मुलाला विचारलं, "काय रे, तुला इथे शिकायला आवडेल का?" त्याने बाबांकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाला, "हो. आवडेल." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई विरघळल्या. पुढच्या जूनला बघू म्हणाल्या. बाहेर येऊन मी त्या पोराला रस्त्यातच कुशीत घेतलं. तो ताठ उभा राहिला.

परतीच्या आधी मुंबईला जाऊन मी ब्रिटिश वकिलातीच्या रांगेत उभी राहिले आणि लंडनचा व्हिसा घेतला. येतानाही मधे एक दिवस होता. कशाला धावपळ, असं हे म्हणत होते. मी ऐकलं नाही.

या वेळी सगळे बाहेर पडलो. अधिकाऱ्याने माझ्याकडे वर न पाहता शिक्का मारला. आणि मग असं झालं, की ज्या शहराची मी वाटाडी होणार होते तिथे मला वाटा दाखवायला माझीच मुलं पुढे. कुठल्या फलाटावर उभं राहायचं, सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला कसं थांबायचं, तिकीट मशीनमध्ये कसं घालायचं, सगळं त्यांना येत होतं. गाडी आधी उघड्यावरून चालली होती. विटांच्या घरांची मागची परसं दिसत होती, वाळत घातलेले कपडे पावसात भिजत होते. मग गाडी भुयारात शिरली आणि काचेत आमचेच चेहरे दिसायला लागले. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते.

ग्रीन पार्कला वर आलो तर बारीक पाऊस. राजवाडा बघितला. तो मला वाटला होता त्यापेक्षा राखाडी आणि कचेरीसारखा निघाला. पहारेकऱ्यांनी डगल्यांवर करडे कोट चढवले होते. "आई, वुई ऑलरेडी सॉ धिस. कॅन वुई गो?" मुलगा सारखा म्हणत होता. मी खोटं सांगत नाही, तरीही मला आनंद झाला. मी जाळीला हात लावून उभी राहिले आणि माझ्या साताऱ्याच्या वर्गातल्या मुलींची आठवण झाली. त्यांना मी खोटंच सांगितलं होतं, पण फारसं चुकीचं नव्हतं. ह्यांनी माझा फोटो काढला. त्यात मी हसते आहे.

तिथून बागेत गेलो. तळ्याकाठी बाक होते, पाऊस थांबला होता. हे कॉफी आणायला समोरच्या टपरीवर गेले. मुलगा बदकांवर काठीने पाणी उडवत होता. धाकटी माझ्या शेजारी पाय हलवत बसली होती. मी तिला म्हटलं, "काय गं, मागच्या वेळी इथेच आला होतात ना?"

"येस! सेम बेंच," ती म्हणाली. "बाबांनी आम्हाला आइस्क्रीम दिलं. दादा वॉज क्रायिंग, बिकॉज ही डिडन्ट वाँट टू मूव्ह टू इंडिया. अँड देन बाबा सेड वुई आर नॉट मूव्हिंग. प्रॉमिस. पण तुला सांगायचं नाही. नॉट टिल वुई गेट होम."

"शट अप!" मुलगा ओरडला. त्याच्या हातातली काठी पाण्यात पडली. "यू आर सो स्टुपिड!"

त्याचा चेहरा पाहिला नसता तर मी कदाचित पोरीचं बोलणं मनावर घेतलं नसतं. पण त्याचा चेहरा पाहिला. मला काही विचारावं लागलं नाही. पुण्यातले ते सगळे फ्लॅट, नळ सोडून पाहणं, भिंतीवर टकटक. मी त्या बाईंपुढे हात जोडून उभी होते तेव्हा माझ्या घरच्या तिघांना ठाऊक होतं. सहा वर्षांच्या पोरीलासुद्धा ठाऊक होतं. आणि माझा मुलगा माझ्यासाठी मराठीत खोटं बोलला होता. मला त्याचा रागही आला नाही, इतकी त्याची दया आली.

हे कागदी कप घेऊन आले आणि आमच्याकडे पाहून थांबले. मुलांना त्यांनी पलीकडे पिटाळलं.

"ट्रेनमध्येच तो रडायला लागला गं," हे म्हणाले. "त्याचे मित्र, त्याचं बेसबॉल. काय सांगणार होतो मी त्याला?"

"मला काय सांगणार होतात?"

"सांगणारच होतो. घरी गेल्यावर, शांतपणे."

"कुठल्या घरी?"

ह्यांच्या कपातली कॉफी बोटांवर सांडत होती, ती पुसलीही नाही. मग हळू आवाजात म्हणाले की भारतात त्यांच्यासारख्याला काम नाही, हे त्यांना फार आधीपासून माहीत आहे. दर वर्षी सांगू सांगू म्हणत राहिले. माझा चेहरा बघितला की जीभ उचलायची नाही. "तुझं मन मोडवेना," असं ते म्हणाले, आणि मला वाटतं ते खरंच होतं. म्हणून तर अधिक लागलं. मी भांडले असते, रडले असते, कदाचित ऐकलंही असतं. पण मला विचारायला तर हवं होतं. दारातून मला आत घेतलं नाही ते इंग्रजांनी, पण त्या दिवशी माझ्यामागे जे ठरलं ते माझ्या माणसांनी ठरवलं.

मी उठले. म्हटलं, तुम्ही मुलांना घेऊन विमानतळावर जा, मी येते. हे म्हणाले, "अगं, असं नको करू, आपण सगळे जाऊ." मी म्हटलं, "जा." या वेळी मला खरंच जा म्हणायचं होतं. ते उभेच राहिले. मग मीच चालायला लागले.

पुढचे काही तास मी लंडनमध्ये फिरले, असं म्हणायचं. पुलावर गेले, घड्याळाचा मनोरा समोर होता, किती वाजले होते ते आठवत नाही. नदी तपकिरी होती. लाल बसमध्ये चढले, वरच्या मजल्यावर पुढे बसले, कुठे जाते ते विचारलं नाही. दुकानं, छत्र्या, पुतळे, पुन्हा दुकानं. एवढा पाठ केलेला नकाशा, पण मी कुठे आहे ते मला सांगता आलं नसतं. कंडक्टरने शेवटचा थांबा आला म्हणून उतरायला सांगितलं. उतरले ती कुठलीतरी साधी वस्ती होती. धुलाईचं दुकान, भाजीवाला, शाळा सुटून घरी निघालेली पोरं.

तिथे भिंतीला टेकून मी नीट विचार केला. न जाता आलं तर? पण कुठे? लंडनचा व्हिसा संपणार होता. पुण्यात आम्ही फ्लॅट घेतला नव्हता. साताऱ्याच्या घरात आता भाऊ आणि वहिनी, आणि त्यांनी मला प्रेमाने ठेवलं असतं, पाहुणी म्हणून. नोव्हायला माझा स्वयंपाकघराचा ओटा होता, माझी मुलं होती, आणि ती मुलं तिथलीच होती. मी भाजीवाल्याला भुयारी स्टेशन विचारलं. त्याने दाखवलं. गाडीत जागा मिळाली, सगळे घरी निघालेले लोक होते.

विमानतळावर शेवटची घोषणा चालू होती. धाकटी सामानावर डोकं टेकून झोपली होती. मुलगा मला पाहताच उठला आणि पुन्हा बसला. हे प्रवाशांना आत सोडतात त्या दारापाशी उभे होते, चारी बोर्डिंग पास हातात घट्ट धरून. एवढ्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मला वाटलं, तू येणार नाहीस," हे म्हणाले.

"जाणार कुठे?" मी म्हणाले, आणि पोरीला उचलून घेतलं.